समलिंगी विवाह आणि राज्यघटना: वाचकांचे प्रश्न

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे इथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली होती, म्हणून सगळ्यांचीच नावे गाळून फक्त गाव ठेवले आहे.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम २०१८ साली गेले. जी गोष्ट गुन्हा नाही, तिला कायद्याने मान्यता द्यायला अडचण कसली? (सातारा)

गुन्हा नसणे आणि हक्क मिळणे यांत मोठे अंतर आहे आणि सगळा वाद त्या अंतरातच आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की दोन प्रौढ व्यक्तींमधले संमतीचे खासगी संबंध गुन्हा ठरवता येणार नाहीत. त्यासाठी समता (अनुच्छेद १४), भेदभावास मनाई (१५), अभिव्यक्ती (१९) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (२१) या चार अनुच्छेदांचा आधार घेतला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलम आलेलेच नाही.

पण त्या निकालाने सरकारला फक्त 'मध्ये येऊ नका' असे सांगितले. लग्नात सरकारने काही तरी करावे लागते: नोंदणीची व्यवस्था, वारसाहक्क, पोटगी, दत्तक, घटस्फोट. मूलभूत हक्क सरकारला रोखतात हे सर्वमान्य आहे. ते सरकारला अशी नवी चौकट उभारायला भाग पाडू शकतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि २०२३ मध्ये न्यायालयासमोर तोच होता.

समलिंगी विवाहाबद्दलचा २०२३ चा निकाल कुठे 'एकमताने' तर कुठे 'तीन विरुद्ध दोन' असा छापला जातो. खरे काय? (नागपूर, कायद्याची विद्यार्थिनी)

दोन्ही खरे आहे, कारण मुद्दे वेगवेगळे होते. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात वीसच्या आसपास याचिका एकत्र केल्या होत्या. १३ मार्च २०२३ रोजी त्या घटनापीठाकडे गेल्या, १८ एप्रिलपासून दहा दिवस सुनावणी झाली, ११ मे रोजी निकाल राखून ठेवला गेला आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो लागला. पीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंहा होते. निकालपत्रे चार. न्या. कोहली यांनी न्या. भट यांच्या निकालपत्राशी सहमती दर्शवली.

पाचही जणांचे एकमत झाले ते असे: लग्न करण्याचा हक्क घटनेतला मूलभूत हक्क नाही. धार्मिक विधीशिवाय, विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करू देणारा विशेष विवाह कायदा १९५४ रद्द करता येणार नाही आणि समलिंगी जोडपी त्यात बसतील असे त्याचे वाचनही करता येणार नाही. ट्रान्सजेंडर स्त्रीला पुरुषाशी आणि ट्रान्सजेंडर पुरुषाला स्त्रीशी सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करता येईल.

फूट पडली ती पुढच्या पायरीवर. सरन्यायाधीश आणि न्या. कौल यांचे म्हणणे असे की जोडीदार निवडून त्याच्याबरोबर नाते उभारण्याचा हक्क अनुच्छेद १९, २१ आणि २५ (सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य) मधून निघतो, आणि त्या नात्याला ओळख देऊन त्यातून येणारे लाभ देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. बहुमताने हे नाकारले. एकत्र राहण्याचे स्वातंत्र्य आहे आणि त्याला धमकी आली तर संरक्षण मागण्याचा अधिकारही आहे. पण त्या नात्याला कायदेशीर दर्जा द्या असे सरकारला सांगण्याचा हक्क कायद्यावाचून निर्माण होत नाही, असे न्या. भट यांनी लिहिले.

निकालाचा हा भाग आम्हाला सर्वांत कच्चा वाटतो. त्याच निकालपत्रात न्या. भट हेही मान्य करतात की भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी विमा, पेन्शन अशा योजना फक्त विवाहित जोडप्यांभोवती आखल्यामुळे समलिंगी जोडीदारांवर अप्रत्यक्ष भेदभाव होतो आणि सरकारने तो दूर करायला हवा. भेदभाव होतो हे मान्य केले, पण उपाय सरकारी समितीवर सोपवला. ज्या न्यायालयाने २०१८ मध्ये मूलभूत हक्क बहुसंख्याकांच्या पसंतीवर अवलंबून नसतात असे ठणकावून सांगितले होते, त्याने इतक्या लवकर हात आखडता घेणे पटत नाही.

विशेष विवाह कायद्यात 'पती', 'पत्नी' च्या जागी 'जोडीदार' वाचले असते तर काम भागले नसते का? याचिकाकर्त्यांचे म्हणणे एवढेच होते ना? (पुणे)

मुख्य मागणी तीच होती, आणि वाटते तितकी ती सोपी नाही. कायदा हातात घेऊन पाहा.

कलम ४ मध्ये लग्नाच्या अटी आहेत. सुरुवात 'कोणत्याही दोन व्यक्ती' अशी, म्हणजे लिंगाचा उल्लेख नाही. पण त्याच कलमाच्या खंड (क) मध्ये पुरुषाचे वय २१ पूर्ण आणि स्त्रीचे १८ पूर्ण हवे. दोन पुरुषांसाठी २१ आणि दोन स्त्रियांसाठी १८ असे वाचून हा अडथळा दूर करता येतो. पहिल्या अनुसूचीत निषिद्ध नात्यांच्या दोन याद्या आहेत, एक पुरुषासाठी आणि एक स्त्रीसाठी. दोन पुरुष लग्न करणार असतील तर पुरुषाच्या यादीतली सगळी नाती स्त्रियांचीच, म्हणजे वडील किंवा भाऊ निषिद्ध ठरतच नाहीत! तिथे नवी यादीच लिहावी लागेल. कलम २७ (१अ) मध्ये घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला आहेत. कलम ३६ आणि ३७ मध्ये पोटगी पत्नीने मागायची आणि पतीने द्यायची. दोघी पत्नी असतील तर कोण मागणार?

गुंता इथेच संपत नाही. हा कायदा वारसा कायद्यांशी जोडलेला आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर संपत्ती आधी मुले आणि पती यांना जाते आणि ते नसतील तर पतीच्या वारसांना. दोन स्त्रियांच्या लग्नात 'पतीचे वारस' कोण, याचे उत्तर न्यायालयाने दिले असते तर ते कायदा नव्याने लिहिणेच ठरले असते. लग्नाशी संबंधित १६० तरतुदींवर परिणाम होईल असा युक्तिवाद सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी केला, तो याच धाग्यावर.

आणि कायदा रद्द केला असता तर? मग आंतरधर्मीय जोडप्यांचा आधार गेला असता. १८७२ च्या जुन्या कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांना आपापला धर्म नाकारल्याचे जाहीर करावे लागे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढली. कायदा रद्द केला तर देश त्या काळात मागे जाईल, असे सरन्यायाधीशांनी नमूद केले. न्या. कौल यांच्या मते कायदा अनुच्छेद १४ चा भंग करतो, तरी न्यायालयाला नवे शब्द घालून तो बदलता येत नाही.

म्हणजे अडचणी खऱ्या आहेत, पण त्या कायदा लिहिण्याच्या आहेत आणि सुटण्यासारख्या आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०१३ च्या कायद्याने एकच सर्वसाधारण कलम घातले: समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत विवाहाचा परिणाम इतरांसारखाच असेल. जिथे तसे चालणार नाही त्या अपवादांसाठी वेगळी अनुसूची जोडली. तैवानच्या घटनात्मक न्यायालयाने २४ मे २०१७ रोजी संसदेला दोन वर्षांची मुदत दिली आणि बरोबर २४ मे २०१९ रोजी तिथला कायदा अमलात आला. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर २००५ च्या निकालाने एक वर्ष दिले आणि २००६ अखेर कायदा झाला. न्यायालयाने कायदा न लिहिता संसदेला मुदत घालून द्यायची, हा मधला रस्ता आपल्याकडेही मोकळा होता. तो का घेतला नाही याचे समाधानकारक उत्तर आम्हाला निकालपत्रात सापडले नाही.

अशी लग्ने मान्य झाली तर भटजी, काझी, पाद्री यांच्यावर ती लावण्याची सक्ती येईल का? (कोल्हापूर)

नाही. सुनावणीच्या सुरुवातीलाच न्यायालयाने स्पष्ट केले होते की वैयक्तिक (धर्मावर आधारित) कायद्यांना हात लावणार नाही, विचार होईल तो विशेष विवाह कायद्यापुरता. या कायद्याखालचे लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. त्यात धार्मिक विधीचा भागच नाही.

केंद्र काही करत नसेल तर महाराष्ट्र सरकार स्वतः कायदा करू शकते का? (ठाणे)

करू शकते. सातव्या अनुसूचीतल्या समवर्ती सूचीत पाचव्या नोंदीत विवाह, घटस्फोट, दत्तक, मृत्युपत्र, वारसा हे सगळे विषय आहेत, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही अधिकार आहे. मात्र राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरला तर अनुच्छेद २५४ (२) नुसार त्याला राष्ट्रपतींची संमती लागते, आणि राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. त्यामुळे राज्याने विवाहाचा कायदा करायचा झाला तर प्रत्यक्षात केंद्राची मान्यता लागेलच. राज्याने स्वतःच्या अखत्यारीतल्या योजना, शासकीय कर्मचाऱ्यांचे लाभ, सरकारी रुग्णालयांचे नियम बदलायला मात्र कोणाची संमती लागत नाही.

२०२३ च्या सुनावणीत केंद्राने राज्यांची मते मागवली होती. सात राज्यांची उत्तरे आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमने विचार करायला वेळ मागितला. संसदेत बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचा कायदा होणे आपल्याकडे अत्यंत दुर्मिळ आहे, तरी मजकूर लिहून सभागृहासमोर ठेवला गेला, याला महत्त्व आहेच.

कॅबिनेट सचिवांच्या समितीने काही केले का? (लातूर)

२०२३ च्या निकालाने भेदभावावरचा उपाय जिच्यावर सोपवला ती ही समिती एप्रिल २०२४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तीन सूचना निघाल्या. अन्न विभागाने राज्यांना कळवले की शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केले की संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याची सोय असावी.

शेवटच्या सूचनेतली अट नीट वाचा. नातेवाईक उपलब्ध असतील, तर पन्नास वर्षे सोबत काढलेल्या माणसाला शेवटचा हक्क नाही. शिवाय या सूचना आहेत, कायदा नव्हे. बँकेत संयुक्त खात्याला आधीही बंदी नव्हती, त्यामुळे त्या परिपत्रकाने नवे काही दिले नाही; शाखेतल्या कर्मचाऱ्याने उगाच अडवले तर दाखवायला एक कागद मिळाला, इतकेच. २८ ऑगस्ट २०२४ ची ती सूचना छापून जवळ ठेवा, उपयोगी पडते.

आम्ही दोघी बरीच वर्षे एकत्र राहतो. फ्लॅट एकीच्या नावावर आहे. लग्न करता येत नाही तर निदान काय कागद करून ठेवावेत? (पिंपरी)

या प्रश्नाची पत्रे सर्वांत जास्त आली, म्हणून थोडे सविस्तर.

पहिले काम मृत्युपत्र. ते नसेल तर अविवाहित हिंदू स्त्रीची संपत्ती आई-वडिलांना जाते. ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे भाऊ-बहिणींना. जोडीदाराचा क्रमांकच लागत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्तीही नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्याच. दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनीही तुमच्यासमोर सही करायला हवी. जोडीदाराला साक्षीदार करू नका, मसुदा तिने लिहून देऊ नये, आणि नोंदणीच्या दिवशी शक्यतो ती सोबतही नसावी. ज्याला लाभ मिळणार त्यानेच मृत्युपत्र घडवून आणले असे दिसले, की न्यायालय संशयाने पाहते आणि नातेवाइकांचे वकील नेमके तेच धरतात. प्रकृती ठणठणीत असतानाच करा आणि त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. नातेवाइकांना का वगळले ते एका वाक्यात लिहा. गप्प राहिले तर विसर पडला किंवा दबाव होता असे म्हणायला जागा राहते. मुस्लिम वाचकांसाठी: वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापेक्षा जास्त संपत्ती मृत्युपत्राने देता येत नाही.

दुसरे, नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक, या समजुतीने अनेकांचे नुकसान झाले आहे. विम्याबाबत १९८४ मध्ये आणि शेअरबाबत १४ डिसेंबर २०२३ रोजी (शक्ती येझदानी प्रकरण) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, मालकी वारसांकडेच राहते. गृहनिर्माण संस्थेच्या नॉमिनेशनचेही तेच. म्हणून ज्या ज्या खात्यात, पॉलिसीत, सोसायटीत नॉमिनी म्हणून जोडीदाराचे नाव आहे, त्या प्रत्येकाचा उल्लेख मृत्युपत्रात तिच्याच नावे असला पाहिजे. दोन कागदांत दोन नावे असली की भांडण ठरलेले. विम्यात २०१५ पासून 'लाभार्थी नॉमिनी' अशी सोय आली, तिच्यात पैसा खरोखर नॉमिनीचा होतो. पण ती फक्त आई-वडील, पती-पत्नी आणि मुलांसाठी आहे.

तिसरे, भविष्य निर्वाह निधी. इथे हमखास चूक होते. योजनेच्या नियमानुसार सभासदाला 'कुटुंब' असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरच्याचे नाव घातले तर ते नॉमिनेशन अवैध. तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील कुटुंबात मोडतात, जोडीदार मोडत नाही. आई-वडील अवलंबून नसतील आणि कुटुंबातले दुसरे कोणीही नसेल, तरच जोडीदाराचे नाव टिकते. ग्रॅच्युइटीचेही सूत्र असेच आहे. फॉर्म भरताना नाते 'बहीण' असे खोटे लिहू नका. पुढे त्याच एका शब्दावर दावा फेटाळला जातो.

फ्लॅटचे बक्षीसपत्र करावे का? महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिले तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. जोडीदार या यादीत नाही, त्यामुळे विक्रीखताइतके पूर्ण शुल्क पडते. शिवाय आयकर कायद्यानुसार 'नातेवाईक' नसलेल्याकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मूल्याची भेट मिळाली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. पती-पत्नीला सूट आहे, तुम्हाला नाही. या तरतुदीला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. मृत्युपत्राने मिळालेल्या संपत्तीवर मात्र हा कर लागत नाही. म्हणून आधीच घेतलेल्या घरासाठी मृत्युपत्र बरे, आणि पुढचे घर घ्याल तेव्हा दोघींची नावे पहिल्याच करारात, कोणाचा किती हिस्सा हे लिहून.

चौथे, आजारपण. वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे बरे होण्याची आशा नसताना उपचार कुठवर करायचे याची सूचना. त्यात तुमच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून जोडीदाराचे नाव लिहिता येते. २४ जानेवारी २०२३ च्या सुधारित आदेशानुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आधीप्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. मानसिक आरोग्यासाठी तर कायदाच चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १४ खाली साध्या कागदावर सही करून कोणत्याही सज्ञान व्यक्तीला तुमचा प्रतिनिधी नेमता येते, नाते लागत नाही. अवघड जागा आहे ती साध्या अपघाताची किंवा शस्त्रक्रियेची. तुम्ही बेशुद्ध असाल तर रुग्णालय 'जवळचा नातेवाईक' मागते. वैद्यकीय निर्णयांसाठी नोटरी केलेले अधिकारपत्र दोघींच्या पर्समध्ये आणि फोनमध्ये ठेवा. रुग्णालय ते मानेलच असे नाही, पण काहीच हातात नसण्यापेक्षा बाजू भक्कम होते.

कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. ते देणारी व्यक्ती वारली की त्याच क्षणी संपते. आणि शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'विवाह करारनामा' करून देणारे लोक भेटतात, त्यांना पैसे देऊ नका. नोटरीचा शिक्का लागला म्हणून लग्न होत नाही.

एवढे सगळे करूनही विवाहितांना एका सहीत जे मिळते त्याचा तुकडाच हाती येतो. पेन्शन, करसवलत, मुलांवरचा संयुक्त हक्क हे कोणत्याही करारातून येत नाही.

माझ्या मुलाने परदेशात कायदेशीर लग्न केले आहे, त्याच्या मित्राशी. भारतात ते लग्न धरले जाईल का? (नाशिक)

ताई, सध्या नाही. परदेशातला विवाह भारतात ग्राह्य धरायचा तर तो इथल्या कायद्याच्या चौकटीत बसावा लागतो, आणि विदेशी विवाह कायदा १९६९ मध्येही वर आणि वधू असेच शब्द आहेत. ते जिथे राहतात तिथे मात्र त्यांचे लग्न पूर्ण वैध आहे. तुमचा मुलगा तिथे कायद्याने विवाहितच आहे. इथे काही मालमत्ता असेल तर त्याला भारतातल्या मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र करायला सांगा. आणि तुमचे स्वतःचे मृत्युपत्र करताना जावयासाठी काही ठेवायचे असेल, तर त्याचे पूर्ण नाव लिहा. 'मुलाचा जोडीदार' एवढ्यावर भागवू नका.

समलिंगी जोडप्याला मूल दत्तक घेता येते का? (औरंगाबाद)

जोडपे म्हणून नाही, एकट्याने येते. दत्तक विनियम २०२२ च्या विनियम ५ (३) नुसार जोडप्यासाठी किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक नाते लागते. सरन्यायाधीश आणि न्या. कौल यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला, बहुमताने तो कायम ठेवला. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा घेता येतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी एकट्या पालकाचे वय जास्तीत जास्त ४०, दोन ते चार वर्षांसाठी ४५, चार ते आठसाठी ५०, त्यापुढे ५५.

मूल कायद्याने एकाचेच होते. तो पालक वारला तर दुसऱ्याचा त्या मुलावर हक्क उरत नाही, मग शाळेच्या दाखल्यापासून ताब्यापर्यंत सगळे नातेवाइकांच्या हाती. मृत्युपत्रात जोडीदाराला मुलाचा पालक नेमण्याची इच्छा लिहून ठेवा. न्यायालय मुलाचे हित पाहून ठरवते, पण लिखित इच्छेला वजन असते. लग्नाला मान्यता नसल्याचा सर्वांत मोठा अन्याय या मुलांवर होतो असे आम्हाला वाटते, आणि 'मुलांच्या हितासाठी' हा शब्दप्रयोग मान्यतेच्या विरोधात वापरला जातो तेव्हा तो फार खुपतो.

माझ्या मैत्रिणीला घरच्यांनी गावी नेऊन डांबले आहे. पोलीस म्हणतात, घरगुती मामला आहे. (सोलापूर)

ती १८ वर्षांची असेल तर हा घरगुती मामला नाही. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली हेबियस कॉर्पस याचिका (डांबून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी) करा. तुम्ही नातेवाईक नसलात तरी 'निकटची मैत्रीण' म्हणून करता येते. ११ मार्च २०२४ रोजी देवू नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. याचिका प्राधान्याने ऐकायची, याचिकाकर्त्याचे तिच्याशी नाते काय याची चिकित्सा करत बसायचे नाही, तिच्याशी एकांतात बोलायचे, घरच्यांचा दबाव नाही याची खात्री करायची, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचे मन वळवायचा प्रयत्न करायचा नाही. याचिकेला या सूचनांची प्रत जोडा. तिच्या वयाचा पुरावा आणि तिने पाठवलेले मेसेज आजच सुरक्षित ठिकाणी ठेवा, फोन हिसकावला गेला तर ते जातात. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आता न्यायालयाचे दार बंद झाले का? (मुंबई)

फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी दालनातच फेटाळल्या. मूळ पाचांपैकी चार तोवर निवृत्त झाले होते, न्या. नरसिंहा एवढेच त्या पीठावर होते. यानंतर उरते ती क्युरेटिव्ह याचिका, आणि तिची वाट फार अरुंद आहे: नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा न्यायाधीशाच्या पक्षपाताची शंका अशी कारणे लागतात. निकाल चुकला, एवढे पुरत नाही.

म्हणून लढाई आता एकेका हक्काची झाली आहे. लग्न द्या असे न म्हणता, या एका नियमात 'पती-पत्नी'पुरता लाभ का, असा प्रश्न विचारायचा. मुंबईतले आयकराचे प्रकरण तसेच आहे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या तरुणीच्या प्रकरणात म्हटले की कुटुंब फक्त लग्नानेच बनते असे नाही, निवडलेले कुटुंबही असते. सुप्रियो निकालात अप्रत्यक्ष भेदभावाबद्दल बहुमताने जे लिहिले आहे, तेच अशा प्रत्येक याचिकेत सरकारपुढे ठेवता येते. त्यासाठी प्रत्यक्ष नकाराचा कागद लागतो. कार्यालयाने, रुग्णालयाने, विमा कंपनीने तोंडी नाही म्हटले तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. शासकीय कार्यालय उत्तरच देत नसेल तर माहिती अधिकाराखाली अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.